गळा कमी, कंबर जास्त

आरमोरी
मंगळवार, दुपार

प्रिय मुखरू,

परवा तुझा फोन आला. "नागपूरले मी येतो गा, ऑपरेशनच्या टायमाले तुह्याजवळ मीच राहीन," असं तू म्हणालास आणि मी "आवाज कटून राह्यला" म्हणत फोन ठेवून दिला. आवाज कटत नव्हता. जिवतीच्या डोंगरात रेंज नसते हे कारण आयतं मिळालं, ते मी वापरलं. तुझा शब्द न् शब्द मला ऐकू आला होता, आणि तो ऐकून मी शिवणाच्या मशीनवर डोकं टेकवून बराच वेळ बसून होतो. मला तू यायला हवा आहेस. दुसरं कोणी नको, तूच हवा आहेस. पण हो म्हणायच्या आधी तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती नऊ वर्षांपासून सांगायची राहिली आहे. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, आणि मीही तेवढा धीट नाही. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मग यायचं की नाही ते ठरव.

अक्षराला हसू नकोस. शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला तूच माझ्या पाटीत बघून लिहायचास, आणि तरी दहा चुका करायचास. आता औषधांनी माझ्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत. सुईत दोरा ओवायला तीन-तीनदा थुंकी लावावी लागते, तिथं पेन कसला नीट चालतोय.

इकडे धान कापणी उरकत आली. तुझ्या बांध्या नानाजी करतो, आणि यंदा लोंबी चांगली भरली हे त्याने तुला कळवायला म्हणून मुद्दाम दुकानात येऊन सांगितलं. तू तिथे जिवतीला पोराच्या, अजयच्या, क्वार्टरमध्ये बसून लोकांचा कापूस बघतोस आणि तांदूळ दुकानातून विकत आणून खातोस, ह्याचं मला दर कापणीला वाईट वाटतं. फोन केलास की तू आधी विचारतोस धान कसं आहे, मग विचारतोस नईम कसा आहे. मला त्याचा राग नाही. धानाचं उत्तर मला निदान खरं देता येतं.

नसीम तीन आठवडे झाले बल्लारपूरला आहे. शिरीनला मुलगी झाली, म्हणजे मी नाना झालो. नसीमला मीच बळेबळे पाठवलं. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी ती अकरा तास बाकावर बसून राहिली, पाण्याचा घोट घेतला नाही, आणि मला बाहेर आणलं तेव्हा हीच चक्कर येऊन पडली. पाच दिवस मी एका वॉर्डात, ती दुसऱ्या वॉर्डात, आणि आमची शिरीन जिन्यावरून वर-खाली. ह्या वेळी शिरीन बाळंतीण आहे आणि नसीमचं बीपी आहे तसंच आहे. दुष्काळात तेरावा महिना कशाला आणायचा? दोघींना मी सांगून टाकलं आहे, की ह्या वेळचं काम लहान आहे, बाही उसवून परत लावायची, एवढंच. नसीमने विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

आजारी माणसाला किती कामं असतात हे आजारी पडल्याशिवाय कळत नाही बघ. भेटायला येणाऱ्याला धीर द्यायचा, त्याच्यासाठी चहा टाकायचा, त्याच्या मावसभावाचा आजार ऐकून घ्यायचा, तो रडला तर त्याला पाणी द्यायचं. समोरच्या गुलाबबाईने मला आजवर सतरा झाडपाले सांगितले, सगळे मी "घेतो वो बाई" म्हणून ऐकले. शिरीन रोज व्हिडिओ कॉल करते आणि म्हणते, "अब्बू, कुर्ता ऊपर करो, पेट दिखाओ." मी श्वास आत ओढून पोट दाखवतो. ती जावयाला हाक मारून सांगते, की पहिल्यापेक्षा कमी दिसतंय. मग ती निवांत होते आणि मी श्वास सोडतो. खरं सांगायचं तर घरात मी एकटा आहे ते बरंच वाटलं होतं पहिले चार दिवस. पाचव्या दिवशी मी कोणी नसताना दुकानाचं दार उघडं टाकून बसलो, की कोणी तरी झाडपाला सांगायला येवो.

नागपूरच्या दवाखान्यात एक मोठा हॉल आहे. सगळ्यांना तिथे नंबर लागेपर्यंत बसवतात. बसल्याबसल्या माणसं एकमेकांना विचारतात, तुमचं कशाचं? कोणी म्हणतो तोंडाचं, कोणी गळ्याचं, बाया हळूच म्हणतात छातीचं. मग तोंडवाले तोंडवाल्यांशेजारी सरकतात. उलट्या किती झाल्या, केस परत कधी आले, जेवण कशाने जातं, सगळं बोलतात, हसतातसुद्धा. त्यांची एक पंगतच बसते म्हण ना. मला विचारलं की मी म्हणतो, स्यूडोमिक्सोमा. समोरचा म्हणतो, म्हंजे काय? मी समजावतो, की अपेंडिक्सच्या टोकावर बारीक गाठ होते, ती फुटते आणि पोटभर चिकट खळ सोडत राहते; लाखांत एखाद्याला होतो. तो "अस्सं का" म्हणतो आणि आपल्या पंगतीत परत जातो. एकदा सावली गावाकडची एक बाई पोटाचं म्हणाली. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी जाऊन बसलो, घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिचं जठराचं निघालं. कॅन्सरमध्येसुद्धा मला जातभाई मिळाला नाही, मुखरू. दोन वर्षं मी त्या हॉलमध्ये एकटा बसून येतो.

हे सगळं सुरू झालं तेव्हा मी खूश होतो, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला माहीत आहे, मला शाळेपासून सगळे सुकट म्हणायचे. दुसऱ्यांच्या कमरा मापता मापता वय गेलं, आपली कधी चौतीसच्या पुढे सरकली नाही. तीन वर्षांपूर्वी ती सरकायला लागली. पँट एकदा उसवून सैल केली, मग दुसऱ्यांदा. चहावाला कोलू म्हणाला, "काऊन नईमभाई, शेठ झाले नं आता!" मी वरवर लाजलो आणि आतून सुखावलो. चालताना पोटावर हात ठेवायची सवयसुद्धा लावून घेतली. तिसऱ्यांदा पँट उसवली तेव्हा आतलं दाबलेलं कापड संपलं, मागून पट्टी जोडावी लागली. तरी अक्कल आली नाही.

अक्कल आली ती ईदच्या कुर्त्याने. स्वतःसाठी पांढरा कुर्ता बेतायचा म्हणून नव्याने माप घेतलं. कंबर एकेचाळीस. गळा पंधराचा चौदा. दंड उतरला होता, मनगट उतरलं होतं. माणूस खाऊन-पिऊन सुटतो ना, तेव्हा तो सगळीकडून सुटतो. गळा तर आधी भरतो. तरी मी कुर्ता शिवला आणि अंगात घालून आरशासमोर उभा राहिलो, तर पुढचा घेर मागच्यापेक्षा दीड इंच वर उचललेला. असा घेर आम्ही फक्त पोटुशी बाईचा बघतो. गळ्यात टेप घालून मी तसाच उभा होतो. गळा कमी, कंबर जास्त, घेर पुढून वर. हे माप मी आधी एकदा बघितलं होतं. ईद झाली आणि दुसऱ्या दिवशी मी गडचिरोलीची एसटी धरली. तिथून मला नागपूरला धाडलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळे फोटो उजेडात धरून बघितले आणि विचारलं, "तुम्हाला दुखत नाही, खुपत नाही, जेवण जातंय, मग तुम्ही तपासायला आलात कसे? ह्याचे पेशंट इतक्या लवकर येत नाहीत." मी म्हणालो, "मी शिंपी आहे, साहेब." ते हसले. त्यांना वाटलं, मी गंमत केली.

पहिल्या ऑपरेशनची हकिकत तुला फोनवर थोडी सांगितली आहे. पोट उभं उघडलं, आतली सगळी खळ हाताने पुसून काढली, मग ऊन औषध आत ओतून दीड तास पोट हलवत ठेवलं. शुद्धीवर आल्यावर चौथ्या दिवशी मी चादर बाजूला करून शिवण बघितली. अकरा इंच, सरळ, बेंबीला वळसा घातलेला, टाक्यांतलं अंतर एकसारखं. काम चांगलं होतं. मी डॉक्टरांना तसं म्हणालोसुद्धा, आणि त्या माणसाला इतका आनंद झाला, की त्याने दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून मला ते परत म्हणायला लावलं. तुला ही गंमत तेव्हाच सांगायला हवी होती. तू हसला असतास. तुझं हसणं मी किती वर्षांत ऐकलं नाही, माहीत आहे तुला? आता ती खळ पुन्हा जमली आहे. ह्या वेळी आतडं चिकटलं आहे, म्हणून काम पहिल्यापेक्षा अवघड. डॉक्टरांनी काही लपवलं नाही, आणि मी तुझ्यापासून लपवत नाही. मी कदाचित टेबलावरून उठणार नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो. मघापासून दोनदा उठून चहा करून प्यालो, तिसरं निमित्त सुचत नाही.

अब्बांनी मला मशीनवर बसवलं तेव्हा कात्री हातात द्यायच्या आधी एक गोष्ट शिकवली होती. माप वहीत राहतं, तोंडात येत नाही. कोणाचा एक खांदा पडला आहे, कोणाच्या पाठीला बाक आला आहे, शिंप्याला सगळं दिसतं. त्याने बघायचं आणि कापडात झाकायचं. बाईमाणसाचं तर नावच नको. तिचे कपडे मापाच्या जुन्या कपड्यावरून शिवायचे, नजर खाली ठेवायची. ह्या एका नियमावर सगळ्या घरांतल्या लेकीसुना आमच्या पायरीवर बिनघोर येत आल्या. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, आणि तेच वाईट आहे.

कमळावहिनीचे कपडे नेहमी तुमची मयुरी आणून टाकायची. मयुरीचं लग्न ठरलं त्या वर्षी एकदा वहिनी स्वतः आली. बाजाराचा दिवस होता, तू बियाण्याच्या दुकानात होतास. पिशवीत दोन ब्लाउज आणि दोन परकर. ब्लाउजचे खांदे आणि बाह्या आत घ्यायच्या होत्या. परकराच्या कमरेला, नेफ्यात, चार बोटं पट्टी जोडायची होती, आणि पुढून उंची वाढवायची, म्हणाली, चालताना पुढून वर येतो. मी मान वर केली नाही, पण दोन्ही कामं एकाच पिशवीतून निघालेली मला दिसत होती. "उमर झाली नईमभाऊ, पोट सुटतेच," असं ती हसून म्हणाली. पायरी उतरता उतरता थांबली. "यायच्या पुढं नोका काढू. उगाच घोर करतीन. पोरीचं होऊन जाऊ द्या, मंग दाखवीन दवाखान्यात." तुझ्यापुढे विषय काढणार नाही, अशी मी मान हलवली. दोन्ही कामं मी नीट केली. परकराला पट्टी अशी बेमालूम जोडली, की घरात कोणाला शिवण दिसू नये.

तिला शब्द दिला म्हणून गप्प बसलो, असं मला म्हणता येईल. नऊ वर्षं मी स्वतःला तेच सांगतो आहे. पण मयुरीचं लग्न झालं, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी तिसरा परकर आला. पुन्हा चार बोटं. लग्न पार पडलं होतं, म्हणजे शब्द संपला होता. त्याच आठवड्यात तू येऊन दुकानातल्या बाकावर बसलास. वहिनीचा परकर माझ्या मांडीवर होता. मी तोंड उघडलं. आणि मनात आलं, मित्राच्या बायकोच्या कमरेचं माप मित्राला कोणत्या तोंडाने सांगू? मला, मुसलमान शिंप्याला, तुझ्या बायकोच्या पोटाची खबर कशी, असं तुझ्या मनात पळभर आलं तर? ते आलं नसतं. तू तसा नाहीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी घाबरलो, परकर मशीनखाली सरकवला आणि तुला विचारलं, धान कसं आहे. तू खूप वेळ धानाचं बोललास.

वहिनीला गडचिरोलीला नेलं तेव्हा उशीर झाला होता. तू मला सांगितलं होतंस, की पोटातलं पाणी काढायला सुई घातली आणि पाणी आलंच नाही, काही तरी घट्ट घट्ट होतं. मी ऐकून घेतलं. तेरवीच्या दिवशी मांडवाच्या मागे तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. "मी तिले शेठाणी म्हणून चिडवत होतो गा. पोट पाहून शेठाणी म्हणे मी तिले. घरातल्या माणसाले दिसलं नाई, मी आंधळा." तेव्हा तरी मी बोलायचं होतं. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलो, तोंडात मिठाची गुळणी धरून. महिन्याभरात तू बांध्या नानाजीच्या हवाली केल्यास आणि जिवतीला निघून गेलास. आरमोरीतल्या लोकांना तोंड दाखवायची तुला लाज वाटत होती, आणि इथे राहिलो तो मी. माझ्या आजाराचं नाव कळलं त्या दिवशी मी डॉक्टरांना वहिनीचं विचारलं. तिला हेच होतं का? ते म्हणाले, आता कसं सांगणार, अंडाशयाचं असलं तरी असं होतं. मी विचारलं, वर्ष-दीड वर्ष आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले.

म्हणून हे पत्र. तू आंधळा नव्हतास, मुखरू. तुझ्यापासून ते लपवलं गेलं, आणि लपवायचं काम माझ्या सुईने केलं. जे दिसत होतं ते एकाच माणसाला दिसलं, आणि तो बोलला नाही. पुढे तेच माप माझ्या अंगावर आलं तेव्हा ईद झाल्यावर मी एक दिवस घालवला नाही, धावत डॉक्टरकडे गेलो. ही जी दोन-तीन वर्षं मला मिळाली, नातीचं तोंड बघायला मिळालं, ती वहिनीच्या मापाची वर्षं आहेत. तिच्यासाठी जे मी वापरलं नाही ते स्वतःसाठी वापरलं. हे मनात ठेवून तुला उशाशी बसवलं असतं आणि तुझ्या हातचं पाणी प्यालो असतो, तर मी तुझा दुसऱ्यांदा गुन्हेगार झालो असतो. म्हणून फोन ठेवला. येत्या दहा तारखेला मी दाखल होतो आहे, सकाळच्या एसटीने निघेन. जवळचं माणूस नसलं तरी चालवून घेतात, मी विचारून ठेवलं आहे. नाही आलास तर मी तुला बोल लावणार नाही. फक्त स्वतःला आंधळा म्हणणं आजपासून सोड, एवढं माझ्यासाठी नाही, वहिनीसाठी कर. आणि आलास, तर तू मला माफ केलंस असं मी समजणार नाही. तू नुसता आलास, असं समजेन. मला तेवढंही पुष्कळ आहे.

तुझाच,
नईम